मदत हवी आहे: इंग्रजीतलं कॉमन नाउन आणि प्रॉपर नाउन लेकीला कसं समजावू?

शेवग्याची_शेंग:
लेक पाचवीत, सेमी इंग्रजी. परवा चाचणीचा पेपर घरी आला. दहा शब्द दोन रकान्यांत लावायचे होते, कॉमन आणि प्रॉपर. १० पैकी ४. मराठीच्या पेपरात सामान्यनाम-विशेषनामाला पैकीच्या पैकी मिळवणारी हीच मुलगी!

'मँगो' प्रॉपरमध्ये का घातलास विचारलं, तर म्हणाली, "आंबा हे फळाचं नाव आहे ना? टीचर म्हणाल्या, नाव असेल ते प्रॉपर." मी गप्पच. 'समर' प्रॉपर, कारण ऋतूचं नाव. 'अल्फान्सो' कॉमन, कारण तोही शेवटी आंबाच. 'मदर' प्रॉपर, कारण "आई एकच असते". आता याला चूक कशी म्हणू?

मी मराठी माध्यमातली. कॅपिटल कुठे हवं ते डोळ्याला कळतं, पण का ते सांगता येत नाही. लहान मुलाला पटेल असं काही सुचवा.

घाईत_आहे:
सोप्पं आहे. कॅपिटल असेल ते प्रॉपर, नसेल ते कॉमन.

शेवग्याची_शेंग:
पेपरात सगळेच शब्द कॅपिटल अक्षरांत छापले होते 🙂

खडू_फळा:
ताई, तीस वर्षं पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवलं. ही चूक मुलीची नाही, आपल्या 'नाव' या शब्दाची आहे. जातीलाही आपण नाव म्हणतो आणि बारशाला ठेवतात तेही नावच. तेव्हा तिला 'नाव आहे का?' विचारूच नका. 'हे एकट्याला हाक मारायला ठेवलंय, की त्याच्यासारख्या सगळ्यांना चालतं?' असं विचारा. बाजारातल्या प्रत्येक आंब्याला मँगो चालतं. गोदावरी म्हटल्यावर कृष्णा चालत नाही.

आणि कॅपिटलवरून ओळखायची सवय मोडा. वाक्याचा पहिला शब्द कॅपिटलच असतो. 'आय' म्हणजे 'मी' कायम कॅपिटल, पण ते सर्वनाम. 'मराठी फूड'मधला मराठी कॅपिटल, पण तिथे ते विशेषण. आधी नाम ओळखायचं, कॅपिटल मागून येतं.

देवनागरीत कॅपिटल नाही, तरी मराठी कान हा फरक ओळखतो. तिला ही दोन वाक्यं पुरी करायला सांगा: 'सत्यनारायणाच्या … गेलो' आणि 'वर्गातल्या … भेटलो', शब्द एकच, पूजा. ती न अडखळता 'पूजेला गेलो' आणि 'पूजाला भेटलो' म्हणेल. तसंच कवितेला चाल लावतात, कविताला फोन लावतात. आशेवर जगतात, आशावर रागावतात. साधा शब्द प्रत्यय लागला की वाकतो, माणसाचं नाव ताठ राहतं. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, तरी येतं. तिथून इंग्रजीकडे न्या.

गावांच्या नावांना मात्र ही युक्ती लावू नका. पुणे वाकतं, पुण्याला होतं. साताऱ्याचंही तेच.

नदीकाठ:
सर, मग सीतेला, राधेला याचं काय? तीही माणसांचीच नावं.

खडू_फळा:
बरोबर पकडलंत. पुराणातली नावं जुन्या वळणानं वाकतात. रामायणातल्या सीतेला रावणाने पळवलं, पण शेजारच्या सीताला आपण डबा देतो. आमची आजी तर घरातल्या सुनांनाही 'शांतेला', 'कमळेला' म्हणायची. तेव्हा ही युक्ती आजच्या बोलण्यापुरती धरा.

उरलेले शब्द. 'मदर'ला एक कसोटी आहे. त्या जागी आईचं नाव, समजा सुनंदा, घालून बघायचं. 'सुनंदा, भूक लागली' हे वाक्य बसतं (घरात मार बसेल, पण वाक्य बसतं), म्हणून हाकेतल्या मदरला कॅपिटल. 'माय सुनंदा इज अ नर्स' बसत नाही, म्हणून 'माय मदर'ला स्मॉल. नुसता शब्द दिला असेल तर कॉमन.

'रिव्हर' एकटी कॉमन, 'गोदावरी रिव्हर' असं जोडून आलं की दोन्ही शब्दांना कॅपिटल. वार आणि महिने कॅपिटल, ऋतू स्मॉल. यामागचं तर्कशास्त्र पाचवीत शोधू नका, पाठ करून टाका.

'अल्फान्सो'बाबत माझी सहानुभूती मुलीकडे आहे. हे नाव गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कवरून पडलं असं मानतात, म्हणून कॅपिटल. पण नाव एका आंब्याचं नाही, अख्ख्या जातीचं. मोठी माणसंही यावर भांडतील. परीक्षेत प्रॉपर लिहायचं.

वायरमन:
पुढे सायन्समध्ये आणखी मजा आहे. न्यूटन शास्त्रज्ञ असेल तर कॅपिटल, बलाचं एकक म्हणून शब्दात लिहिला की स्मॉल. जेम्स वॉटचं तसंच. बल्बवरचा वॉट पूर्ण लिहिला तर स्मॉल, नुसतं 'डब्ल्यू' लिहिलं तर कॅपिटल. 'डिग्री सेल्सिअस'मध्ये मात्र सेल्सिअस कॅपिटलच. माझे यात नववीत गुण गेलेत.

शेवग्याची_शेंग:
सर, खूप आभार. काल जेवताना विचारलं. 'पूजेला', 'पूजाला' दोन्ही पटकन आलं, मग स्वतःच ओरडली, "अगं, मग मँगो पूजेसारखा आहे!" चुकलेल्या सहातले पाच तिचे तिने नीट लावले. 'मदर'वर अडून बसली आहे. सुनंदाची कसोटी तिला मान्य नाही, "पण मी आईला आईच म्हणते" असं म्हणते. शनिवारी पालकसभा आहे, टीचरना तिथेच विचारणार आहे म्हणे.