मेकॅनिकलवाल्यानं बायोइंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करावी का

भावा, तू विचारलंस की बीई मेकॅनिकल झालंय, अकरावीलाच बायोलॉजी सोडली, मग बायोइंजिनिअरिंगला घेतील का. घेतात की! आयआयटी मुंबईच्या बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंगला मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाली पोरं पण असतात, आणि गेटमध्ये, म्हणजे एमटेक-पीएचडीच्या प्रवेश परीक्षेत, 2020 पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपरच आहे. वरती कुणीतरी लिहिलंय "बायोलॉजी नसली तर पहिल्याच वर्षी पळून याल", तसलं काय मनावर घेऊ नको.

माझा पीएचडीचा विषय हाडासाठी स्कॅफोल्ड, म्हणजे पेशी वाढायला जाळीदार आधार असतो तो. त्यासाठी इलेक्ट्रोस्पिनिंगचा, म्हणजे विजेच्या जोरावर काढलेले बारीक तंतू गोळा करायचा फिरता ड्रम बाहेरून मागवायचा तर कोटेशन बघूनच घाम फुटला, मग सुट्टीत घरी आलो तेव्हा उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्या काकांकडून टर्न करून घेतला, ते म्हणाले एवढं गुळगुळीत कशाला पायजे, पीठ मळणार हाईस का यावर 😄 अजून तोच चालतोय.

खरी वाट लागते ती सेल कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवायला. 37 डिग्री, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, सगळं नीट ठेवलेलं, आणि गणपतीला चार दिवस गावी येऊन परत गेलो तर सगळ्या फ्लास्कमध्ये बुरशी, दीड महिन्याचं काम गेलं आणि गाईड नुसतं "हम्म" म्हणाले.

पैशाचं म्हणशील तर जेआरएफ, म्हणजे सुरुवातीची फेलोशिप, 2023 पासून महिन्याला 37,000, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलोशिप, 42,000, वर एचआरए. पण कधीकधी तीन-तीन महिने येतच नाही, तेवढी सोय करून ठेव. आणि गाईडला भेटायच्या आधी त्याच्या जुन्या पोरांना फोन लाव, किती वर्षं लागली तेवढंच विचार.