टॅब्लेटवर मुलं पटापट बोटं चालवतात, पण प्रोग्रामचा विचार कसा शिकवू?

नमस्कार मंडळी,

मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेत टॅब्लेट आलेत आणि दुसरी-तिसरीच्या मुलांना संगणक शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. दोन-तीन मुलांत एक टॅब्लेट येतो. वर्गात इंटरनेटचा भरवसा नाही, त्यामुळे एकदा डाउनलोड केलं की नेटशिवाय चालेल असंच काहीतरी हवं होतं.

म्हणून स्क्रॅचज्युनियरपासून सुरुवात केली. टफ्ट्स विद्यापीठ, एमआयटी मीडिया लॅब वगैरेंनी मिळून ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेलं हे मोफत ॲप २०१४ मध्ये आलं. माझी मुलं त्याहून थोडी मोठी आहेत, पण प्रोग्रामिंग सगळ्यांनाच नवीन आहे. यात प्रत्येक सूचनेचा एक ब्लॉक, म्हणजे पडद्यावरचा छोटा ठोकळा असतो. ब्लॉकवर शब्द नसून चित्रं असतात, त्यामुळे वाचनात मागे असलेलं मूलही अडत नाही. ब्लॉक एकमेकांना जोडायचे, सुरुवातीला हिरव्या झेंड्याचा पिवळा ब्लॉक लावायचा, वरचा झेंडा दाबला की पडद्यावरचं मांजर चालायला लागतं.

ॲप वापरायला मुलांना माझी गरजच पडली नाही. टॅब्लेट हातात दिल्यावर थोड्याच वेळात पार्श्वभूमी बदलून झाली, मांजर रंगवून झालं, स्वतःचा आवाजही रेकॉर्ड करून झाला. खरी अडचण पुढेच आहे. मी सांगितलं, मांजराला झाडापर्यंत न्या. एका मुलाने 'पुढे जा'चा एकच ब्लॉक खाली ओढला आणि त्यावर टकटक करत राहिला. प्रत्येक टिचकीला मांजर एक पाऊल पुढे. झाड आल्यावर थांबला आणि मला म्हणाला, "बाई, पोचलं!" पोचलं हे खरंच. पण टीव्हीचा रिमोट चालवावा तसं त्याने मांजर चालवलं; पडद्यावर प्रोग्राम असा काही नव्हताच. किती पावलं, कुठे वळायचं, कुठे थांबायचं हे सगळं त्या क्षणी डोळ्यांनी बघून बोट ठरवत होतं. आजूबाजूच्या बऱ्याच मुलांचं असंच चाललं होतं, आणि ती अतिशय आनंदात होती.

मला हा आनंद मोडायचा नाही. पण सूचना आधी ठरवायच्या, क्रमाने मांडायच्या, मग यंत्राच्या हवाली करायच्या, आणि चुकलं तर नेमकं कुठे चुकलं ते शोधायचं, हे शिकवायला मी वर्गात उभी आहे. ते झालं नाही तर एवढे टॅब्लेट येऊन मुलांच्या पदरात काय पडलं?

तर विचारायचंय ते असं. मुलांना टिचक्यांकडून प्रोग्रामकडे कसं आणायचं? एका टॅब्लेटभोवती दोघं-तिघं असताना प्रत्येकाच्या वाट्याला विचार कसा येईल? आणि टॅब्लेटवरच शिकलेल्या मुलांचं कीबोर्ड, फाइल, फोल्डर यांचं काय करायचं? ज्यांनी या वयाच्या मुलांना शिकवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही वर्णन केलेला मुलगा मला रोज भेटतो. त्या ॲपमध्ये सुटा ब्लॉकही दाबला की चालतो, तेव्हा मुलं तो दाबणारच. मी एकच नियम केला आणि फरक पडला: दिलेल्या कामात बोट फक्त हिरव्या झेंड्यावर. झेंडा दाबायच्या आधी मांजर कुठे जाऊन थांबेल ते जोडीदाराला बोट ठेवून दाखवायचं. मगच झेंडा.

त्यासाठी पडद्यावर चौकटींची जाळी चालू करून घ्या, तशी सोय ॲपमध्ये आहे. जाळी दिसली की 'थोडं पुढे' ही भाषा जाऊन 'सात घरं पुढे' अशी भाषा येते. सुरुवातीला मुलं 'पुढे जा'चे सात ब्लॉक ओळीने लावतील. लावू द्या. ब्लॉकच्या खालचा आकडा बदलून एकाच ब्लॉकमध्ये काम होतं हे लगेच सांगून टाकू नका. सात ब्लॉक ओढून कंटाळलेल्या मुलाला तो आकडा दिसला की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. नंतर पुनरावृत्तीचा नारिंगी ब्लॉक शिकवणंही सोपं जातं.

दुसरं म्हणजे पहिल्याच तासाला कोऱ्या पडद्याने सुरुवात नको. तयार प्रोग्राम द्या. आधी भाकीत करायचं, मग चालवायचं, मग खोदून बघायचं, मग थोडा बदल, आणि शेवटी स्वतःचा नवा. स्यू सेन्टन्स आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही पद्धत प्रिम म्हणून ओळखली जाते. ती मोठ्या मुलांसाठी मांडलेली असली तरी 'आधी भाकीत' ही तिची पहिली पायरी लहानांनाही लागू पडते.

प्रतिसाद २

जोडीबद्दल लिहितो. दोघांपैकी एकाच्या हातात टॅब्लेट, दुसऱ्याने हात मागे बांधून फक्त सांगायचं. सांगणाऱ्याला शब्दांतच सांगावं लागतं, आणि तिथेच विचार उघडा पडतो. "इकडे घे, तिकडे घे" म्हटलेलं करणाऱ्याने ऐकायचं नाही. एक काम झालं की अदलाबदल, आणि ती घड्याळाप्रमाणे तुम्ही करायची. मुलांवर सोडलीत तर धीट मूल टॅब्लेट सोडत नाही. तिघं असतील तर तिसऱ्याकडे कागद-पेन्सिल: बाण काढून आराखडा आधी त्याने करायचा.

मुलं ॲपमधून बाहेर पडून कॅमेऱ्यात जाणार हे धरून चाला. एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवायला अँड्रॉइडवर स्क्रीन पिन करता येते, आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस आहे. दोन्ही सोयी सेटिंग्जमध्येच असतात, वेगळं ॲप लागत नाही.

प्रतिसाद ३

माझं मत थोडं वेगळं आहे. पहिले काही तास टॅब्लेट कपाटातच राहू द्यात.

लोगो ही मुलांसाठीची भाषा १९६७ मध्ये आली. सिमोर पेपर्ट, वॉली फॉयरत्साइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती केली. त्यात सूचनांप्रमाणे चालणारं एक कासव असतं; त्याला सूचना देताना मुलांनी आधी स्वतः कासव होऊन चालून बघावं, यावर पेपर्ट यांचा भर असे. तुमच्या वर्गात जमिनीवर खडूने चौकटी आखा. एक मूल यंत्र, बाकीच्यांनी सूचनांच्या चिठ्ठ्या ओळीने मांडायच्या. सगळ्या मांडून होईपर्यंत यंत्र हलणार नाही. मांडून झाल्या की अक्षरशः तसंच चालायचं, भिंत आली तरी तिथेच पाय आपटत राहायचं. टिचकी मारायची सोयच नाही, त्यामुळे तुमचा मूळ प्रश्न इथेच बराचसा सुटतो. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांचे सहकारी असे संगणकाविना करायचे खेळ 'सीएस अनप्लग्ड' नावाने १९९०च्या दशकापासून देत आले आहेत. ते नेटवर मोफत मिळतात.

नुसती यंत्रं वाटून काय होतं हे पेरूमध्ये दिसलंय. तिथल्या ग्रामीण शाळांत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही योजना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गणित आणि भाषेच्या चाचण्यांवर काही परिणाम आढळला नाही. तेव्हा तुम्हाला वाटणारी काळजी अगदी रास्त आहे.

कीबोर्डची चिंता दुसरीत नको. चौथीच्या सुमारास टॅब्लेटला ओटीजी केबलने किंवा ब्लूटूथने साधा कीबोर्ड जोडा. थोडेच असले तरी पाळीपाळीने भागतं. तोवर मुलं मोठ्या स्क्रॅचवर, म्हणजे स्क्रॅचज्युनियरच्या मोठ्या भावंडावर आली असतील. २०१९च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते टॅब्लेटवरही चालतं. त्यातला 'अमुक कळ दाबली असता' हा ब्लॉक कीबोर्डशिवाय निरुपयोगी ठरतो, तेव्हा कीबोर्डची गरज मुलांना आपोआप पटते.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. खडूच्या चौकटी सोमवारपासूनच सुरू करते. हात मागे बांधायची कल्पना फार आवडली. आमच्याकडे काही मुली गप्प बसून सगळं बघत असतात, त्यांना त्यामुळे बोलावंच लागेल.

एक शंका राहिली. जोडीने केलेल्या कामातून कोणाला समजलं आणि कोण नुसतं सोबत होतं, हे कसं कळणार? मला परीक्षा घ्यायची नाही, पण पुढचा तास कुणासाठी कसा आखायचा ते मला ठरवता यायला हवं.

प्रतिसाद १

त्यासाठी कागदच बरा. ब्लॉकची चित्रं छापून कापून घ्या आणि प्रत्येकाला उलटसुलट क्रमाने द्या. मांजराने काय करायला हवं ते सांगायचं, आणि मुलाने एकट्याने पट्ट्या लावायच्या. मोठ्यांच्या प्रोग्रामिंगच्या वर्गात याला पार्सन्स कोडं म्हणतात. त्यात एक पट्टी जादा घाला, नको असलेली. ती बाजूला ठेवणाऱ्या मुलाला क्रम कळलाय असं खुशाल समजा.

दुसरा प्रकार म्हणजे मुद्दाम बिघडवलेला प्रोग्राम. 'वर जा'चा ब्लॉक चुकीच्या जागी ठेवा आणि विचारा, मांजर तळ्यात का पडतंय? जे मूल सगळं पुसून नव्याने सुरू करतं त्याला अजून वेळ द्यायला हवा. जे एकेक ब्लॉकवर बोट ठेवत "इथपर्यंत बरोबर आहे" म्हणतं, ते चूक शोधायला शिकलंय. मी वहीत फक्त एवढंच टिपते.

प्रतिसाद २

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. स्क्रॅचज्युनियरमधलं काम त्याच टॅब्लेटवर साठतं, दुसऱ्यावर आपोआप दिसत नाही. ॲप काढून टाकलं किंवा टॅब्लेट रीसेट केला की सगळं जातं. मुलाने आठवडाभर रचलेली गोष्ट अशी गेली की ते फार हिरमुसतं. म्हणून टॅब्लेटच्या पाठीवर क्रमांक चिकटवा, प्रत्येक जोडीला वर्षभर एकच क्रमांक, आणि प्रकल्पाला नाव द्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. "आपलं काम कुठे ठेवलंय आणि कोणत्या नावाने?" हा प्रश्न त्यांना रोज पडला की पुढे फाइल-फोल्डर शिकवताना तुम्हाला अर्ध्यावरून सुरुवात करता येईल.

मोठ्या सुट्टीत टॅब्लेट पूर्ण उतरवून ठेवू नका, साधारण निम्मं चार्जिंग ठेवून बंद करा. बॅटऱ्या टिकतात.

धागाकर्ती

क्रमांकाच्या पट्ट्या आजच करते. खडूच्या चौकटींचा तास झाला की मुलांनी मांडलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो इथे टाकेन. कुठे सुधारणा हवी असेल तर स्पष्ट सांगा.