मोंगोडीबी आणि सी: रिप्लेस वन केलं आणि सभासदांचे खाते क्रमांक गेले

दूधकाटा
नमस्कार मंडळी. कराड तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचा संकलनाचा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिलाय. काटा आणि फॅट मशीन सीरियल पोर्टवर आहेत, आकडे वाचून मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये टाकतो. 'सभासद' कलेक्शनमध्ये (नोंदींच्या संग्रहात) माणशी एक डॉक्युमेंट, म्हणजे एक नोंद: नंबर, नाव, बँक खाते, आयएफएससी, आणि 'शेवटचे' या कीखाली (रकान्याच्या नावाखाली) लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक).

कधी फॅट चुकीची पडते. ११८ नंबरच्या म्हशीच्या दुधाला ६.४ च्या जागी ४.६ लागली होती. अशा दुरुस्तीसाठी मी मोंगोसीचं (सीमधून मोंगोडीबीशी बोलणाऱ्या ड्रायव्हरचं) रिप्लेस वन वापरलं. सिलेक्टरमध्ये (कोणतं डॉक्युमेंट शोधायचं ते सांगणाऱ्या अटीत) सभासद नंबर, नव्या डॉक्युमेंटमध्ये नंबर, नाव आणि दुरुस्त केलेलं 'शेवटचे'. फंक्शनने ट्रू दिलं, रिप्लायमध्ये मॅच्डकाउंट (किती डॉक्युमेंट जुळली) १, मॉडिफाइडकाउंट (किती बदलली) १. सगळं बरोबर वाटलं.

काल बिलाची यादी काढली तर ३७ जणांपुढे खाते क्रमांक रिकामा. २१ तारखेला दहा दिवसांचं बिल बँकेत जायचंय, आणि या पैशांवर लोकांच्या घरचा किराणा चालतो. सुरुवातीला मी नव्या डॉक्युमेंटमध्ये डॉलर-सेट (फक्त दिलेल्या की बदलणारा ऑपरेटर) घालून पाहिलं होतं, पण ड्रायव्हरने ते नाकारलं म्हणून काढलं. चुकलं कुठे?

जुना_सीवाला
डॉलर-सेट काढलंत तिथेच. रिप्लेस म्हणजे वहीतला आकडा खोडून दुरुस्त करणं नव्हे, ते पानच फाडून त्याच नंबरचं नवं पान लावणं. जुन्यातला फक्त अंडरस्कोर-आयडी (डॉक्युमेंटची कायमची ओळख) टिकतो, बाकी तुम्ही द्याल तेवढंच राहतं. म्हणून तर रिप्लेसमध्ये डॉलरवाले ऑपरेटर चालत नाहीत. नवा आयडी घालून पाहिलात तर सर्व्हर ६६ नंबरची एरर देईल, कारण तो बदलता येतच नाही.

तुमचं काम अपडेट वनचं आहे. सिलेक्टर तोच ठेवा, दुसऱ्या डॉक्युमेंटमध्ये डॉलर-सेट आणि त्यात 'शेवटचे.फॅट' अशी टिंब दिलेली की. हे टिंब विसरू नका. नुसत्या 'शेवटचे'ला फॅट असलेलं छोटं डॉक्युमेंट सेट केलंत तर लिटर आणि एसएनएफ याच वाटेने जातील.

पण ते नंतर. आधी दुरुस्तीचा पर्याय बंद करा आणि मोंगोडंप (डेटाबेसचा बॅकअप) कधी घेतला होता ते बघा. ऑपलॉगवर (सर्व्हर ठेवतो त्या बदलांच्या नोंदवहीवर) फार भिस्त ठेवू नका: एकटा सर्व्हर असेल तर तो नसतोच, आणि रेप्लिका सेट (एकाच डेटाच्या प्रती ठेवणारे अनेक सर्व्हर) असला तरी रिप्लेसच्या नोंदीत नवं डॉक्युमेंट असतं, जुनं नाही.

रात्रपाळी
दादांनी सांगितलंय ते बरोबर आहे. तरी कधीतरी रिप्लेस खरंच लागतं, उदाहरणार्थ सभासदाचा अख्खा फॉर्म नव्याने भरला तर. तेव्हा आधी डॉक्युमेंट वाचा, आणि कर्सरने (शोधाचे निकाल एकेक करून देणाऱ्याने) दिलेला पॉइंटर तसाच जपून ठेवू नका. पुढच्या कर्सर-नेक्स्टनंतर तो ग्राह्य नसतो. बीसन (डॉक्युमेंटचं मेमरीतलं रूप) बीसन-कॉपीने उतरवून स्वतःची प्रत घ्या, किंवा एखादीच की बदलायची असेल तर बीसनचं कॉपी-टू-एक्सक्लूडिंग-नोइनिट वापरा. ते दिलेल्या की वगळून बाकी सगळं उतरवून घेतं. नवी की आपण जोडायची. नावातच नोइनिट आहे, त्यामुळे ज्यात उतरवायचं ते बीसन आधी इनिट (वापरासाठी तयार) करायला लागतं. मी एकदा हे विसरले आणि सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम कोसळणं) शोधण्यात अख्खी रात्र गेली. रिप्लायचं बीसन डिस्ट्रॉय करा (त्याची मेमरी मोकळी करा), कॉल फसला तरीही.

आणखी एक, कळकळीने सांगते. कलेक्शनवर व्हॅलिडेटर (डॉक्युमेंट नियमात बसतं का ते तपासणारा) लावा आणि खाते क्रमांक रिक्वायर्ड ठेवा. मग असं अर्धवट रिप्लेस सर्व्हरच १२१ एरर देऊन परत पाठवेल. फक्त ३७ जणांची खाती आधी भरून घ्या. व्हॅलिडेशन मुळात स्ट्रिक्ट असतं, त्यामुळे खातं नसलेल्या सभासदाचं संध्याकाळचं दूधही नोंदलं जाणार नाही. तोवर मॉडरेट ठेवलंत तर आधीच अपुऱ्या असलेल्या डॉक्युमेंटांना ते अडवत नाही.

दूधकाटा
दोघांचे मनापासून आभार. ४ तारखेचा मोंगोडंप सापडला. तो वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर केला आणि २९ खाती मिळाली. उरलेल्या ८ जणांची दुरुस्ती ४ तारखेच्या आधीच झाली होती, त्यामुळे डंपमध्येही ती रिकामीच. काल संध्याकाळचं संकलन उरकल्यावर संस्थेच्या अण्णांबरोबर आठही घरी गेलो. ११८ नंबरच्या आजींनी पत्र्याच्या डब्यातून पासबुक काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. मी क्रमांक उतरवून घेतला, तर म्हणाल्या, "परत एकदा वाचून दाखव." दाखवला.

दुरुस्ती आता अपडेट वनने होते. खाती भरून झाल्यावर व्हॅलिडेटर स्ट्रिक्ट लावला, आणि चाचणीच्या सभासदावर मुद्दाम जुना कोड चालवून पाहिला. १२१ आली. एक शंका राहिली. गाईचा आणि म्हशीचा काटा वेगळा आहे, दोन्ही एकाच वेळी चालतात. काही सभासद दोन्ही दूध घालतात. आवृत्तीचा आकडा ठेवून तो सिलेक्टरमध्ये घालायला लागेल का?

जुना_सीवाला
रिप्लेस करत असता तर हो. आवृत्ती जुळली नाही की मॅच्डकाउंट ० येतो आणि परत वाचायचं हे कळतं. फक्त त्या कॉलला अपसर्ट (जुळणारं नसेल तर नवं डॉक्युमेंट घालणं) लावू नका. डॉलर-सेटला याची गरज नाही, एका डॉक्युमेंटवरचं एक अपडेट अखंडच होतं. पण दोन्ही काटे 'शेवटचे.फॅट'वरच लिहीत असतील तर म्हशीची ६.४ गाईच्या ३.८ वर बसेल. 'शेवटचे.गाय.फॅट' आणि 'शेवटचे.म्हैस.फॅट' असं वेगळं करा, आणि ते २१ च्या आधी.