पिल्लाची आई बघितलीत का? गोव्यातले अनुभव लिहा

पर्वरीला आमच्या शेजाऱ्यांनी गेल्या महिन्यात लॅब्राडोरचं पिल्लू विकत आणलं. पाचव्या दिवशी ते पार्व्होने, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराने गेलं. त्यांचा मुलगा दोन दिवस जेवला नाही. विकणाऱ्याने पिल्लू गाडीतून आणून रस्त्यावरच हातात दिलं होतं. त्याची आई, भावंडं, राहायची जागा, यांतलं काहीच दाखवलं नव्हतं. केंद्राच्या 2017 च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि मादी 18 महिन्यांची होईपर्यंत तिची पिल्लं काढता येत नाहीत. हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. तुम्ही कुत्रा विकत घेतलात की सोडून दिलेला घरी आणलात? कसं झालं ते लिहा. भलंबुरं दोन्ही.

फोंड्याहून

माझ्याकडे बीगल मादी आहे, सात वर्षांची. तिला पिल्लं होईनाशी झाली म्हणून पैदास करणाऱ्याने काढून टाकली होती. आणली तेव्हा आचळं लोंबत होती, नखं वाकून पंजाच्या गादीत रुतली होती. पिंजऱ्याच्या जाळीच्या तळावर उभं राहून राहून बोटं फाकलेली. पहिल्या सकाळी अंगणात सोडलं तर ती लाद्यांच्या कडेलाच थांबली. एक पाय पुढे टाकला, ओलं गवत लागलं तसा मागे घेतला. परत टाकला, परत घेतला. अर्धा तास हेच चाललं होतं. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगो बाय, हिणें भुंय केन्ना पळोवंकच ना." म्हणजे, हिने जमीन कधी पाहिलीच नाही.

हिची पिल्लं किती घरांत लाडाने वाढली असतील. त्या घरांतल्या लोकांबद्दल माझ्या मनात राग नाही, त्यांना ही कोणी दाखवलीच नाही. पण आता कोणी "बीगल कुठे मिळेल" असं विचारलं, की मी घरी बोलावते आणि हिचे पंजे दाखवते.

डिचोलीहून

मी हस्की विकत घेतला. निळे डोळे बघून घेतला, दुसरं कारण नाही. बर्फातल्या जनावराची दुहेरी लव आणि आमचा मे महिना! दिवसभर एसीत कोंडलेला असतो, रात्री दहानंतर फिरायला नेतो. त्याला देऊन टाकणार नाही, पण परत कधी असा कुत्रा आणणार नाही.

मडगावहून

मी स्वतः पैदास करतो, जर्मन शेफर्ड. इथे शिव्या पडतील हे धरून लिहितो. सहा वर्षांत दोन वेतं घेतली. आधी नर-मादी दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले, कारण या जातीत खुब्याचा दोष आईबापांकडून पिल्लांत उतरतो. दुसऱ्या वेताला सिझेरियन करावं लागलं. मादी टेबलावर होती आणि मी बाहेर देवाचं नाव घेत होतो. त्यानंतर तिची नसबंदी करून टाकली. पिल्लू घेणाऱ्याकडून लिहून घेतो, की सांभाळणं जमलं नाही तर मलाच परत द्यायचं. एक परत आलंही, अजून माझ्याकडेच आहे.

हिशेब केला तर यात पैसा सुटत नाही. तो सुटायला लागला, की कुठेतरी मादीच्या तब्येतीतून वाचवलेला असतो. खाण्यातून, लशीतून, दोन वेतांमधल्या विश्रांतीतून. लोक फोन करून रंग विचारतात, किंमत विचारतात. "आई बघायला येऊ का?" असं विचारणारे आजवर दोघेच भेटले.

वास्कोहून

आमचा अनुभव चांगला नाही, पण लिहायला हवा. शेल्टरमधून चार वर्षांचा कुत्रा आणला. तिसऱ्या आठवड्यात भाच्याने जेवताना त्याच्या ताटलीला हात लावला आणि तो चावला. घरातल्यांपुढे माझं काही चाललं नाही, परत नेऊन दिला. आधी पंधरा दिवस नुसता सांभाळायला आणायला हवा होता. तिथल्या मुलीने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच जास्त लागलं.

मोरजीहून

मेअखेर किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामापुरती उभारलेली खाण्याची ठिकाणं, मोडतात. हंगामभर तिथे जेवलेली कुत्री तशीच मागे राहतात. गेल्या पावसाच्या तोंडावर एक काळी मादी पालथ्या होडीखाली व्याली. सहा पिल्लं. नवऱ्याला रेबीजची धास्ती. मी त्यांना सांगितलं, 2014 पासून मिशन रेबीज या संस्थेची माणसं गोवाभर लस टोचत फिरताहेत, आपणही हिला टोचून घेऊ. सगळ्यांना गोठ्यात आणलं. एक पिल्लू वाचलं नाही. पिल्लं सुटी झाल्यावर आईची नसबंदी करून आणली, कानाला खूण आहे.

तीन नर पंधरा दिवसांत गेले. माद्यांना मात्र कोणी हात लावेना. "पिल्लं घालत बसेल" म्हणतात. ऑपरेशन मी करून देते म्हटलं तरी नाही. एकाने तर गाडीत घेतलेली मादी, मादी आहे कळल्यावर फाटकातून परत आणून दिली.

दोघी अजून माझ्याकडेच आहेत. लसी झाल्यात, एक तांबूस, एक आईसारखी काळी. पेडण्याच्या बाजूला कोणाला हव्या असतील तर येऊन बघा. आई इथेच आहे.