शब्दचर्चा : पेशी, केंद्रक, गृहीतक

प्रश्न

मी अमरावती जिल्ह्यात आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात आम्ही कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग केला. मांसल पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलून तो काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात पसरला, आयोडीनचा एक थेंब सोडला, वर झाकणकाच ठेवली आणि मुलांना एकेक करून सूक्ष्मदर्शकापाशी बोलावले. नंतर वह्या तपासताना मी तीन ठिकाणी अडखळले. तिन्ही ठिकाणी अडचण विज्ञानाची कमी आणि शब्दाची अधिक आहे असे वाटल्याने येथे विचारते आहे.

पहिला शब्द ‘पेशी’. आमच्या भागात कोर्टाच्या तारखेलाही पेशी म्हणतात, पण तो शब्द निराळा आहे हे मुलांना चटकन कळते. परंतु घरी हिंदी बोलणारा एक विद्यार्थी पेशी म्हणजे स्नायू असे समजून चालला होता, आणि कांद्याला स्नायू कसे असतील, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. दुसरा शब्द ‘केंद्रक’. बहुतेक पेशींत केंद्रक एका बाजूला, भिंतीला टेकलेले दिसत असतानाही जवळजवळ सर्वांनी आकृतीत ते बरोबर मधोमध काढले होते. तिसरा शब्द ‘गृहीतक’. प्रयोगाआधी गृहीतक लिहा असे सांगताच एका मुलीने विचारले, “बाई, गृहीतच धरायचं असेल तर प्रयोग कशाला करायचा?” मला तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही. या शब्दांचे मूळ अर्थ काय आहेत, आणि त्यांच्या जागी अधिक नेमके शब्द वापरता येतील का?

प्रतिसाद

बाई, आपल्या त्या हिंदी भाषक विद्यार्थ्याने शब्दाचा जुना अर्थच जपला आहे, हे त्याला आवर्जून सांगा. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा किंवा मांसाचा पट्टा. महाभारतात गांधारीच्या पोटी प्रथम जन्मली ती मांसपेशीच, आणि सुश्रुतसंहितेत माणसाच्या शरीरात ५०० पेशी सांगितल्या आहेत, त्या अर्थातच आजच्या अर्थाने स्नायू आहेत. हिंदीने आणि बंगालीने हा अर्थ टिकवला. मराठीने मात्र पेशी हा शब्द सजीवाच्या सूक्ष्म घटकासाठी वापरला आणि मांसपेशीच्या जागी स्नायू आणला. गंमत अशी की सुश्रुताचे ‘स्नायू’ हे सांधे बांधून ठेवणारे तंतुमय बंध आहेत, तर बंगालीत स्नायू म्हणजे चेतातंतू. एकाच संस्कृत भांडारातले शब्द प्रत्येक भाषेने आपापल्या खणात ठेवले, त्यामुळे दोन भाषांमध्ये वावरणाऱ्या मुलाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. (कोर्टातली पेशी फारसीतल्या ‘पेश’पासून, म्हणजे समोर हजर होण्यापासून आली आहे.)

पर्यायच हवा असेल तर तो वाईच्या मराठी विश्वकोशात सापडतो. त्यात सर्वत्र ‘कोशिका’ हा शब्द आहे आणि पुष्कळदा त्यापुढे कंसात ‘पेशी’ असा खुलासाही केलेला आहे. रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाचा पातळ काप पाहून त्यातल्या कप्प्यांना जे नाव दिले, ते लॅटिनमधल्या ‘लहान खोली’ या अर्थाच्या शब्दावरून आले, आणि कोशिका हा शब्द त्या खोलीच्या कल्पनेशी तंतोतंत जुळतो. तरीही माझे मत पेशीच्या बाजूने आहे, आणि ते केवळ रूढीमुळे नाही. हूकला दिसल्या त्या मेलेल्या, रिकाम्या पेशींच्या भिंती होत्या. आतला जिवंत ऐवज केव्हाच नाहीसा झालेला होता. कोशिका हा शब्द त्या भिंतींची आठवण ठेवतो, तर पेशी हा शब्द आतल्या जिवंत गोळ्याची. प्राण्यांच्या पेशीला भित्तिका नसतेच, तेव्हा ‘खोली’पेक्षा ‘गोळा’ हाच अर्थ आजच्या ज्ञानाला अधिक जवळचा आहे.

केंद्रकाचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे शब्द मुलांच्या डोळ्यांवर मात करतो आहे. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत ही रचना टिपली आणि तिला जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थ ‘गर’ किंवा ‘आठळीतला गाभा’ असा आहे. त्यात मध्यबिंदूचा आग्रह नाही. आपण मात्र केंद्रापासून शब्द घडवला, आणि केंद्र म्हटले की आठवीतल्या मुलाला कंपासपेटी आठवते. विश्वकोशातला ‘प्रकल’ हा शब्द जागेविषयी काहीच सांगत नाही, म्हणून तो निर्दोष आहे, परंतु शाळेत तो रुजलेला नाही आणि आता रुजेल असे वाटत नाही. केंद्र या शब्दाचा दुसरा अर्थ मुलांपुढे ठेवणे हाच मार्ग मला योग्य वाटतो. मुंबई हे राज्याच्या कारभाराचे केंद्र आहे, पण नकाशात ती पार पश्चिमेच्या कडेला आहे. कांद्याच्या पेशीतही कारभाराची सूत्रे केंद्रकाकडे असतात, पण पेशीची बहुतेक जागा मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पोकळीने, व्यापलेली असल्यामुळे केंद्रक कडेला सरकलेले असते.

याच संदर्भात मला एक विचारायचे आहे. मुलांनी निरीक्षणाच्या रकान्यात काय लिहिले होते?

प्रश्नकर्तीचे उत्तर

बहुतेकांनी ‘पेशी व केंद्रक दिसले’ इतकेच लिहिले होते. दोघांच्या वहीत मात्र केंद्रक म्हणून मोठे, स्वच्छ वर्तुळ आणि त्याला जाड काळी कड होती. मी स्वतः जाऊन पाहिले, तर झाकणकाच घाईने आडवी टाकल्यामुळे अडकलेले ते हवेचे बुडबुडे होते.

प्रतिसाद

मला हीच शंका होती. ‘केंद्रक दिसले’ हे निरीक्षण नाही, ते अनुमान आहे. ‘प्रत्येक चौकोनी कप्प्यात एका कडेला पिवळसर तपकिरी, गोलसर ठिपका दिसला’ हे निरीक्षण. ‘तो ठिपका केंद्रक असावा’ हे अनुमान. आपल्या न्यायशास्त्राने हा भेद फार पूर्वी पक्का केला आहे : डोंगरावर धूर दिसतो हे प्रत्यक्ष, तेथे अग्नी आहे हे अनुमान. बुडबुडा पाहणाऱ्या त्या दोघा मुलांनी ‘जाड काळ्या कडेचे, आतून पारदर्शक वर्तुळ’ असे लिहिले असते तर त्यांचे निरीक्षण शंभर टक्के बरोबर ठरले असते आणि चूक फक्त अनुमानात राहिली असती, जी वर्गात चर्चेने दुरुस्त करता येते. पण नाव आधी आले आणि पाहणे मागे राहिले. येथेही हिंदीतल्या अर्थापासून सावध राहायला हवे, कारण हिंदीत अनुमान म्हणजे पुष्कळदा नुसता अंदाज असतो, तर मराठीत प्रयोगाच्या शेवटी लिहायचे ‘अनुमान’ म्हणजे निरीक्षणांवरून तर्काने काढलेला निष्कर्ष.

आता गृहीतक. त्या मुलीचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. गृहीत म्हणजे घेतलेले, मान्य केलेले. भूमितीत युक्लिडची गृहीतके आपण सिद्धतेशिवाय स्वीकारतो, आणि व्यवहारात ‘मला गृहीत धरू नका’ असे म्हणतो तेव्हाही विचारून न पाहता मान्य करण्यालाच विरोध करत असतो. जे विधान तपासण्यासाठीच मांडायचे आहे, त्याला हे नाव देणे म्हणजे त्याच्या हेतूलाच छेद देणे आहे. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत हा भेद नीट पाळलेला आढळतो : ‘गृहीतके’ या शीर्षकाखाली तपासणीशिवाय मान्य केलेली विधाने येतात आणि ‘परिकल्पना’ या शीर्षकाखाली तपासायची विधाने. हीच व्यवस्था आठवीपासून का असू नये, हे मला कळत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

परिकल्पना हा शब्द मुलांना कल्पनारम्य गोष्टीसारखा वाटेल, अशी मला भीती आहे. शिवाय त्यांच्या कानांवर तो पूर्वी कधीच आलेला नाही.

प्रतिसाद

भीती खरी आहे, म्हणून शब्द उदाहरणातून आधी भेटू द्या आणि नाव मागाहून सांगा. काकडीच्या कोशिंबिरीला पाणी सुटते हे प्रत्येक घरात माहीत आहे. मुलांना विचारा : पाणी मिठामुळे सुटते की काकडी चिरल्यामुळे? ‘मिठामुळे सुटते’ असे कोणी म्हणाले की ती झाली परिकल्पना, कारण ती खोटी ठरू शकते. मग एकाच काकडीचे सारख्या वजनाचे काप दोन वाट्यांत घ्या, एका वाटीत मीठ घाला, दुसरी तशीच ठेवा, आणि अर्ध्या तासाने दोन्ही वाट्यांतले पाणी मोजा. येथे मीठ हे स्वाश्रयी चल, म्हणजे आपण स्वतः बदलतो ती गोष्ट, आणि सुटलेले पाणी हे आश्रयी चल, म्हणजे त्यामुळे बदलते ती गोष्ट. मिठाशिवायच्या वाटीला पुस्तकी भाषेत ‘नियंत्रित’ म्हणतात. त्या शब्दाने मुलांना कोणीतरी त्या वाटीवर ताबा ठेवला आहे असे वाटते, म्हणून मी वर्गात तिला सरळ ‘तुलनेची वाटी’ म्हणतो.

पाणी पेशीपटलातून बाहेर पडते त्या क्रियेला पाठ्यपुस्तकात परासरण म्हटले आहे. विश्वकोशात तिच्यासाठी ‘तर्षण’ हा शब्द आहे, तो तृष् म्हणजे तहानणे या धातूपासून आला आहे. परीक्षेत परासरणच लिहायचे, पण मिठाच्या वाटीपुढे बसलेल्या मुलांना तर्षण हा शब्द एकदा तरी ऐकवावा असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आज दोन वाट्यांचा प्रयोग केला. तुलनेच्या वाटीतही थोडे पाणी जमले होते, आणि मिठाच्या वाटीत त्याहून बरेच अधिक. ज्या मुलीने गृहीतकावर प्रश्न विचारला होता, तिने वहीत लिहिले : “परिकल्पना : फक्त मिठामुळे पाणी सुटते. निरीक्षण : मीठ नसलेल्या वाटीतही चमचाभर पाणी आहे. अनुमान : ‘फक्त’ हा शब्द काढावा लागेल.”