चांदीला टूथपेस्ट नको

देवाची चांदीची भांडी टूथपेस्टने घासा असं बरेच जण सुचवतात. त्याने ती लख्ख होतात हे खरं, मीही कित्येक वर्षं तेच करायचे. पण पेस्टमध्ये बारीक खरखरीत कण असतात. आजीच्या करंड्यावरची वेलबुट्टी माझ्याच हाताने पुसट झाली, त्याचं अजून वाईट वाटतं.

आता न घासता करते. पसरट भांड्यात पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरायची, त्यावर निरांजन, ताम्हन असं ठेवायचं. चांदी फॉइलला टेकलीच पाहिजे. वरून चमचा-दोन चमचे खायचा सोडा आणि उकळतं पाणी. बुडबुडे येतात, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि काही मिनिटांत काळेपणा उतरतो. तो काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. त्यातलं गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातं, चांदी जागच्या जागी राहते. घासताना मात्र थोडी चांदीच निघून जाते. मोती, खडे किंवा मुद्दाम काळे केलेले ऑक्सिडाइज्ड दागिने यात अजिबात घालू नका.

लिंबू-व्हिनेगरने स्वयंपाकाचा ओटा पुसा असंही काही जण सुचवतात. नळावरचे क्षाराचे पांढरे डाग त्याने छान जातात, पण ओट्याचा काळा कडाप्पा हा चुनखडीचाच दगड. आंबट पडलं की पॉलिश जाऊन कायमचा फिकट डाग पडतो, संगमरवराचंही तेच. तिथे साधं साबणाचं पाणी बरं.

आणि कृपा करून व्हिनेगर किंवा लिंबू ब्लीचमध्ये मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.