कॉलेजात प्राध्यापक भरती होत नाही, नक्की कोणाला विचारायचं?

गिरणाकाठ (जळगाव जिल्हा):
राम राम मंडळी. मी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात. आमच्या डिपार्टमेंटला एकच कायम सर उरलेत, बाकी सगळे तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेणारे तात्पुरते, दरवर्षी नवे चेहरे, आणि ते येतात तोवर सेमिस्टर बरंच पुढे गेलेलं असतं. प्रिन्सिपल म्हणतात शासनाची परवानगी नाही, विद्यापीठात विचारलं तर म्हणे तुमच्या संस्थेला विचारा, आणि संस्थेचे अध्यक्ष स्वतः पुढारी, ते म्हणतात वरून फाईल येऊ द्या. हे ठरवतं तरी कोण? आणि राजकारणात न पडता आम्ही पोरं काही करू शकतो का? घरून तर एकच सांगणं, तू त्या भानगडीत पडू नको.

तासिकावाला (धुळे):
भाऊ, मी सेट (प्राध्यापक व्हायची राज्याची पात्रता परीक्षा) पास आहे आणि याच तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो. अनुदानित कॉलेजातल्या मंजूर जागेचा पगार राज्य सरकार देतं, म्हणून जागा रिकामी झाली तरी संस्था परस्पर भरू शकत नाही. आधी बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची याचा तक्ता) तपासून घ्यायची, मग उच्च शिक्षण खात्याच्या सहसंचालक कार्यालयामार्फत प्रस्ताव, ना हरकत आली की जाहिरात, त्यानंतर निवड समिती. गाडी अडते ती पैशाच्या मंजुरीपाशी, कारण कायम माणूस घेतला की त्याचा पगार रिटायर होईपर्यंत द्यावा लागतो आणि आमच्यासारख्याला फक्त घेतलेल्या तासाचे पैसे, सुट्टीत काहीच नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१९ मध्ये तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं सांगितलं होतं, माझ्या हातात येतं ते त्याच्या जवळपास पण नाही.

म्हणजे तुझ्या वर्गात फिजिक्स शिकवायला कोण उभं राहणार हे मुंबईत बजेट बनतं तिथे ठरतं. शिक्षणावर जीडीपीच्या ६ टक्के खर्च करा हे कोठारी आयोगाने १९६६ ला सांगितलं, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात परत तेच ६ टक्के. आता चार वर्षांची पदवी आली, मेजर-मायनर (मुख्य आणि जोडविषय) आलं, इंटर्नशिप आली, या सगळ्याला जास्त शिक्षक लागतात. धोरण वर्गापर्यंत पोचलं, शिकवणारे नाही पोचले. तुम्ही याच्याबद्दल बोललं पाहिजे, आम्ही बोललो तर पुढच्या वर्षी ऑर्डर निघत नाही.

केळीपट्टा (रावेर):
आमनाकडे बी असंच शे भो. पण पुढाऱ्यांना सरसकट दोष देऊ नका, आपल्या भागात कॉलेजं निघाली ती बऱ्याच ठिकाणी त्यांनीच काढली म्हणून निघाली. १९९० आधी आपण पुणे विद्यापीठात होतो, साध्या मार्कशीटच्या दुरुस्तीला पुणं गाठावं लागायचं, जळगावला विद्यापीठ झालं हा पण सरकारचाच निर्णय होता ना. वाईट झालं ते १९८३ नंतर, वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट करून दिली, जागा वाढल्या हे खरं पण शिक्षणाचा खर्च सरकारच्या खिशातून निघून बापाच्या खिशावर आला.

माझी पुतणी इंजिनिअरिंगला आहे. ८ जुलै २०२४ चा जीआर आला, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना प्रोफेशनल कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. तेव्हा विधानसभा तोंडावर होती, असू दे, पोरगी शिकतेय. हॉस्टेल, मेस आणि बाकीची फी मात्र भावाला केळीच्या पैशातूनच भरावी लागते, आणि केळीचा भाव तुम्हाला माहितीच आहे.

सातपुडा (शहादा):
"राजकारणात न पडता" हे मला पटत नाही. वर दोघांनी जे सांगितलं ते सगळं राजकारणच आहे, फक्त तिथे विद्यार्थी नाही. १९८९ ला मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला, त्यानंतर कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद पडल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात वर्गात पहिला येईल तो प्रतिनिधी असं आलं. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली, २०१९ मध्ये घ्यायचं ठरलं, पुढे ढकललं, नंतर कोरोना. कायद्यात आहे, कॉलेजात नाही. मारामाऱ्या होतील ही भीती खोटी नाही, पण त्यासाठीच २००६ ला लिंगडोह समितीने ७५ टक्के हजेरी आणि उमेदवाराला ५,००० रुपये खर्चाची मर्यादा सांगितली होती. नंदुरबारकडच्या आदिवासी पोरांची स्कॉलरशिप अडकते तेव्हा त्यांच्यासाठी भांडणारा त्यांनी निवडलेला कोणी तरी नको का?

गिरणाकाठ (जळगाव जिल्हा):
धन्यवाद सगळ्यांना, निवडणुकीचं तर मला काहीच माहीत नव्हतं. पण आत्ता, या सेमिस्टरला काय करू?

तासिकावाला (धुळे):
माहिती अधिकाराचा अर्ज टाक, १० रुपये लागतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अनुदानित कॉलेज त्यात येतं. मंजूर पदं किती, भरलेली किती, शेवटचा भरतीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला आणि त्याचं काय झालं, एवढंच विचार. तोच अर्ज सहसंचालक कार्यालयात पण टाक, दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की फाईल कुठे थांबलीय ते दिसतं. एकट्याच्या नावाने नको टाकू, वर्गातल्या चार-पाच जणांनी वेगवेगळे टाका. आणि पदवी मिळाली की विद्यापीठाच्या अधिसभेसाठी (सिनेट) पदवीधर म्हणून नाव नोंदवा, तिथे पदवीधरांच्या १० जागा असतात आणि आपल्याकडे ती नोंदणी बहुतेक वेळा उमेदवारच आपापल्या माणसांची करून घेतात.